जोमाकाकांचं अपील

जोमा घरत यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चपला लपवत होते. कोर्टाच्या व्हरांड्यात, हवालदाराने मनगट धरलेलं, आणि हा माणूस दाराशी वाकून पायातल्या स्लिपर काढतोय, तळाला तळ लावून जोडतोय आणि बाकड्याखाली पार आत, भिंतीला टेकवून ठेवतोय. मनगट सोडायचं नाही म्हणून हवालदार बिचारा त्यांच्याबरोबर वाकलेला. माझ्या एका अशिलाची त्या दिवशी तिसऱ्यांदा तारीख पडली होती, डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, अहो काका, चपला घालून आत गेलात तरी चालतं, देऊळ नाहीये ते. त्यांनी मान वर केली आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "देवल नाय म्हनूनच लपवतंय बाय. हितं सगले चोर येतात."

मी तापट आहे, हे आमच्या कोर्टातल्या बाकड्यांनाही माहीत आहे. पण त्या दिवशी हसू आलं ते आलंच.

आता चोर म्हणावं तर ते स्वतःच चोर. ट्रकच्या बॅटऱ्या चोरायचे. ज्यांना आमचा हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. न्हावा शेवा बंदराला जाणारे कंटेनर आपला नंबर लागेपर्यंत कळंबोली-रोडपालीच्या बाजूला रस्त्याकडेला रांगा लावून उभे असतात. ड्रायव्हर जेवायला जातात, झोपतात, गप्पा मारत बसतात. ट्रकच्या अंगाला पायरीजवळ एक पेटी असते, तिच्यात बॅटऱ्या. जोमाकाका तरुणपणी कळंबोलीत एका गॅरेजमध्ये गाड्यांचं वायरिंग करायचे, त्यामुळे पेटी कशी उघडायची हे शिकायला त्यांना कुठे जावं लागलं नाही. गॅरेज का सुटलं, दारू आधी आली की चोरी आधी, बायको कधी सोडून गेली, हे मी त्यांना विचारलं नाही असं नाही. पण अशा प्रश्नांवर ते फक्त "जावंद्या ना" म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे.

चोर म्हणून ते फार हुशार नव्हते. हुशार चोर पकडले जात नाहीत, आणि पकडले गेले तरी माझ्याकडे येत नाहीत. हे सारखे पकडले जायचे, आणि पकडले की कबूल करायचे. त्यांचं ते 'कबूल' कोर्टात प्रसिद्ध होतं. आरोप वाचून दाखवायला कारकुनाने तोंड उघडलं की पिंजऱ्यातून आवाज यायचा, "कबूल हाय." एकदा मॅजिस्ट्रेटसाहेब वैतागले. अहो, ऐकून तरी घ्या काय आरोप आहे तो, म्हणाले. काकांनी हात जोडले. "ऐकून काय कराचा साहेब. कबूल हाय."

बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. तो वेडेपणा नाही, ती आमच्याकडची रीत आहे. ज्याला जामीन द्यायला कोणी नाही त्याचा खटला उभा राहीपर्यंत महिनेच्या महिने आत जातात. कबूल केलं तर आत काढले तेवढेच दिवस शिक्षा म्हणून धरतात आणि माणूस संध्याकाळी सुटतो. मग जो तो कबूल करतो. कधीकधी एखादी न उलगडलेली चोरीही त्याच फेरीत अंगावर घेतो, म्हणजे सगळ्यांचीच कामं मिटतात. जोमाकाकांनी अशा किती चोऱ्या पदरात घेतल्या होत्या ते त्यांनाच सांगता आलं नसतं. एवढंच की प्रत्येक कबुली कुठेतरी लिहिली जात होती, आणि आपण सुटतोय या आनंदात हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

तुरुंगाला ते 'गाव' म्हणायचे. बरेच दिवसांनी दिसले आणि कोणी विचारलं, काय जोमा, कुठे होतास, की उत्तर ठरलेलं, "गावाला गेलतो." खरं गाव त्यांचं विचुंबे. नवीन पनवेलला लागून. तिथे त्यांचा मुलगा राहत होता, मोठं घर बांधून, आणि त्या घराचा उंबरा काकांनी कित्येक वर्षांत ओलांडला नव्हता.

मधल्या काळात एकदा ते मोकळे असताना माझी गाडी कोर्टाच्या आवारात बंद पडली. चावी फिरवली की नुसती टकटक. दोन ज्युनिअर वकील बाजूला उभे राहून मला सल्ले देत होते आणि मी त्यांना काय ऐकवत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात काका कुठून तरी उगवले. खिशातून पाना काढला, बॉनेट उघडलं, बॅटरीच्या तारा सोडवल्या, त्यांच्यावर जमलेला पांढरा क्षार खरवडून काढला, पुन्हा घट्ट आवळल्या. गाडी पहिल्या फटक्याला चालू झाली. मग वरचं प्लास्टिकचं झाकण दाबून बसवलं, बॉनेट लावलं, शर्टाच्या बाहीने त्यावरचे हाताचे डाग पुसले. मी पैसे पुढे केले तर दोन पावलं मागे सरले. जाताना म्हणाले, "बॅटरी चांगली हाय बाय. जपा. कोन तरी नेल."

हे झाकणाचं मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे सगळं त्यावर येऊन अडलं.

एके दिवशी आमच्या कोर्टात एक गंमत झाली म्हणून वकिलांच्या बाररूममध्ये चर्चा. जोमा घरत 'नाही' म्हणाला. रोडपालीजवळ एका कंटेनरच्या बॅटऱ्या गेल्या होत्या, ड्रायव्हर जेवायला गेला तेवढ्या वेळात. नेहमीप्रमाणे यांना उचललं. एका भंगारवाल्याने सांगितलं, माल यानेच आणून दिला. कारकून आरोप वाचायला लागला आणि पिंजऱ्यातून कबूल आलंच नाही. वाचून झालं, विचारून झालं, तरी नाही. मग काका म्हणाले, "नाय. यो मी नाय क्येला." लिहिणाऱ्या बाईचे हात थांबले, असं सांगणारे सांगत होते.

खटला चालला. शेवटी आरोपीला विचारतात ना, तुला काही सांगायचं आहे का, तिथे काकांनी तोंड उघडलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. त्यांना फार राग आला होता. चोरीचा आळ आला याचा नाही, तशा चोरीचा आळ आला याचा. पेटीचं झाकण रस्त्यात फेकलेलं होतं आणि तारा पात्याने कापलेल्या होत्या. "मी केबल कापत नाय साहेब," ते म्हणाले. "मी पान्यानी खोलतो. झाकन परत लावतो. उघडा ठेवला तर पानी जातो आत." झालं. निकालपत्रात ही वाक्यं जशीच्या तशी उतरली, आरोपीच्या सवयीचा पुरावा म्हणून. मागच्या सगळ्या कबुल्या एकाखाली एक मांडलेल्या, आणि खाली, असा आरोपी दयेला पात्र नाही. तीन वर्षं सक्तमजुरी. मॅजिस्ट्रेट देऊ शकतात ती सगळी.

अपिलाचं काम सरकारी मदतीतून माझ्याकडे आलं. मी कागद वाचले आणि कपाळावर हात मारून घेतला. आपला बचाव म्हणून आयुष्यभराच्या चोऱ्यांची पद्धत सांगणारा अशील मला तोवर भेटला नव्हता.

तळोज्याच्या तुरुंगात भेटायला गेले. तिथला शिपाई म्हणाला, बरं झालं मॅडम, कोणीतरी आलं. भेटीच्या दिवशी हा म्हातारा सकाळी दाढी करतो, टोपी झटकून घालतो आणि तयार होऊन बसतो. येत कोणी नाही. संध्याकाळी टोपी काढून ठेवतो. काका आले तेव्हा टोपी घातलेलीच होती. वाळले होते. खांदा दुखतो म्हणाले, एक हात वर जात नव्हता.

मी त्यांना सरळ हिशेब मांडून दाखवला. अपिलात दोन वाटा आहेत. एक, आम्ही दोषाबद्दल काही बोलत नाही, फक्त शिक्षा कमी करा म्हणतो. वय झालंय, खांदा गेलाय, बरेच दिवस आत काढलेत, कोर्ट ऐकेल, लवकर बाहेर याल. दुसरी, मी चोरी केलीच नाही म्हणून भांडायचं. त्याला वेळ लागेल, आणि तुमच्या मागे ही एवढी शेपटी असताना जिंकण्याची आशा फार नाही. मला वाटलं, हा माणूस पहिलीच वाट धरणार. जन्मभर तीच धरत आला होता.

"नाय," ते म्हणाले. "मना निर्दोष सुटाचा हाय."

मी चिडले. अहो, निर्दोष होऊन करणार काय आहात, म्हटलं, कुठे निवडणुकीला उभं राहायचंय? एवढ्या वेळा न केलेलं कबूल केलंत तेव्हा कुठे गेला होता हा बाणा? ते खाली बघत टोपीची कड बोटाने सरळ करत राहिले. मग हळूहळू सांगितलं. मुलाने, संतोषने, फार वर्षांपूर्वी दारात उभं करून त्यांना बजावलं होतं. दरवेळी कबूल करून सुटतोस, आम्ही तोंड कुठे लपवायचं? एकदा तरी निर्दोष सुटून दाखव, मग घरात ये. तेव्हापासून काका वाट बघत होते. पण निर्दोष सुटायला आधी न केलेल्या चोरीसाठी नीट पकडलं जावं लागतं, आणि तशा चोऱ्याही ते सवयीने कबूल करून मोकळे होत होते. या वेळी त्यांना आठवण राहिली.

या वेळीच कशी राहिली, मी विचारलं. त्या संध्याकाळी होतात कुठे तुम्ही?

ते उत्तर काढायला मला पुढच्या भेटीपर्यंत थांबावं लागलं. "हलदीला," ते शेवटी म्हणाले. नातीच्या हळदीला. सायली, संतोषची मुलगी. आमच्याकडे आगरी लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मांडव, रोषणाई, गाव लोटलेलं. काकांना बोलावणं नव्हतंच. ते मांडवाबाहेर, पाण्याचा टँकर उभा होता त्याच्या आडोशाला, उभे होते. जेवले नाहीत, कुणाशी बोलले नाहीत. हे खालच्या कोर्टात का नाही सांगितलं म्हणून मी आवाज चढवला, तर ते माझ्याहून हळू आवाजात म्हणाले, "बिनबोलावता गेलतो असा कोर्टात कसा सांगाचा? पोराचा नाव खराब व्हतो."

मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पन बाय, तसा बिनबोलावता पन नाय. धवलारनीनी नाव घेतला माजा."

धवलारीण म्हणजे लग्नात धवले, विधींची गाणी, गाणारी बाई. देवांना, मेलेल्या पूर्वजांना आणि घरच्या वडीलधाऱ्यांना एकेकाचं नाव घेऊन ती मांडवात बोलावते. ही म्हातारी धवलारीण त्या घरात पूर्वीपासून गात आली होती. कोण कोणाशी बोलत नाही, कोण आत आहे, कोण बाहेर, याच्याशी तिला काय घेणं? तिने नावं घेतली ती तिच्या पाठातली. नवरीच्या आज्याचं, म्हणजे जोमाचं, नाव त्यात आलं. मांडवातल्या गोंगाटात ते कुणाच्या कानावर पडलंही नसेल. टँकरच्या आडोशाला पडलं.

"नाव घेतला, म्हंजे बोलावना झाला," काका म्हणाले. "बोलावल्यावर मानूस चोरी करील का? त्याच रातीला?"

कायद्याच्या पुस्तकात हा मुद्दा नाही. पण खरं सांगते, त्या माणसाने ती चोरी केली नाही याबद्दल माझ्या मनात त्यानंतर शंका उरली नाही.

हल्ली प्रत्येक हळदीचं शूटिंग होतं आणि शूटिंगवाले आपल्या जाहिरातीसाठी ते नेटवर टाकून ठेवतात. मी एका रविवारी डोळे फुटेस्तोवर बसले आणि शोधून काढलं. धवलारीण गात असताना कॅमेरा मांडवावरून फिरत फिरत बाहेर जातो, आणि तिथे टँकरच्या चाकाजवळ एक म्हातारा आहे. तोंड अर्धं उजेडात. गाण्यात 'जोमा' येतं, आणि तो म्हातारा डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरतो. क्षणभराचं चित्र. मी खुर्चीवरून उठलेच. आता फक्त एवढंच हवं होतं की घरच्या कोणीतरी कोर्टात येऊन सांगावं, हळद त्याच संध्याकाळची, घर आमचं, आणि हा माणूस आमचा.

संतोषकडे गेले. रेती-विटांचा धंदा, दारात दोन डंपर, माणूस वागायला चांगला. 'या मॅडम' म्हणून बसवलं, सरबत आलं. मी कशासाठी आले ते कळल्यावर त्याने उठून आतलं दार लावून घेतलं. मी मोबाईल त्याच्या हातात दिला. त्याने पाहिलं. मग मागे नेऊन पुन्हा पाहिलं, फोन कानाजवळ धरून. पुन्हा मागे नेलं. मी सरबताला हात न लावता बघत होते. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि मला वाटलं, आता हा माणूस विरघळणार.

त्याने फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. "यो आमचा नाय मॅडम," म्हणाला.

मी त्याला बरंच बोलले. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की तो मलाही आवरत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला की सायलीच्या सासरी सांगितलंय, आजा नाही. त्या लोकांत आता ती सुखाने नांदतेय, धाकट्याचं लग्न अजून व्हायचंय. मी कोर्टात उभा राहून कोणाला बाप म्हणू? लहानपणी शाळेत चोराचा पोरगा म्हणून त्याने किती ऐकलं असेल, ते त्याचं त्यालाच माहीत. मी उठले. सरबत तसंच राहिलं.

तळोज्याला पुन्हा गेले तेव्हा हे कसं सांगायचं ते मी वाटभर घोकत होते. काका दाढी करून, टोपी घालून तयार. मी सांगितलं, संतोष साक्षीला येणार नाही. ओळखत नाही म्हणाला.

त्यांनी मग विचारलं, "पिक्चर बघला त्यानी?"

बघितला, मी म्हटलं.

"सगला?"

मी खरं तेच सांगितलं. पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितला, म्हटलं. घाम फुटला होता त्याला.

काकांनी डोळे मिटले आणि मान हलवली, चव लागल्यासारखी. "मंग वलखला त्यानी," म्हणाले. "वलखला नसता तर येकदाच बघला असता."

आणि मग त्यांनी मला सांगितलं, बाय, आता शिक्षा कमी करून घ्या. दुसरा काय बोलू नका. मी म्हटलं, व्हिडिओ आपण तसाच देऊ, शूटिंगवाल्याला साक्षीला बोलावू, संतोषला समन्स काढू, येऊ दे त्याला पिंजऱ्यात आणि बोलू दे शपथेवर. मी खरंच ते केलं असतं. पण ते ऐकेनात. पोराला कोर्टाची पायरी चढवायची नाही. सायलीचं सासर, धाकट्याचं लग्न, हे सगळं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. मी खूप वाद घातला. निर्दोष सुटायची एवढीच एक संधी आहे, नंतर येणार नाही, म्हटलं. मला रडू येत होतं आणि त्याचा राग मी त्यांच्यावर काढत होते. ते ओशाळून मलाच समजावत राहिले.

सुनावणीला आता कैद्याला कोर्टात आणत नाहीत. भिंतीवरच्या टीव्हीवर तो तुरुंगातून दिसतो. काका कॅमेऱ्यासमोर नीट उभे राहिले नव्हते, अर्धा खांदा पडद्याबाहेर गेला होता. टोपी होती. मी उठून सांगितलं की दोषाला आम्ही आव्हान देत नाही, शिक्षेपुरतं म्हणणं आहे. वय सांगितलं, खांदा सांगितला, घरचं कोणी नाही हेही सांगितलं. सरकारी वकिलांनी मागच्या कबुल्या वाचून दाखवल्या, ते त्यांचं कामच होतं. न्यायाधीश मॅडमनी सगळं ऐकलं आणि मग टीव्हीकडे वळून विचारलं, तुमच्या वकील सांगताहेत ते तुम्हाला मान्य आहे का?

आरोप वाचायच्या आधी कबूल म्हणणारा माणूस गप्प. मला वाटलं आवाज जात नाहीये. कारकून उठून वायर हलवायला लागला. तिकडे बाजूच्या शिपायाने काकांना कोपराने ढोसलेलं दिसलं.

"नाय क्येला मी," टीव्हीतून आवाज आला. थोडं थांबून, "पन कबूल हाय."

मॅडम क्षणभर त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. दोष कायम, शिक्षा भोगली तेवढी. दोन दिवसांनी काका सुटले. घ्यायला मीच गेले, दुसरं कोण जाणार? गाडीत बसायच्या आधी त्यांनी स्लिपर झटकल्या. कुठे सोडू विचारलं, तर कळंबोलीच्या पुलाखाली सोडा म्हणाले. एका टायरवाल्याने रात्री दुकानात झोपायला जागा दिली होती. नंतर कधीमधी दिसायचे तिथे, ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधताना. खांद्यामुळे एका हाताने.

त्यानंतर मी त्यांना नीट पाहिलं ते एकदाच. संतोषच्या धाकट्याची हळद होती. मला अर्थातच बोलावणं नव्हतं. एका अशिलाकडून परत येत होते आणि विचुंब्याच्या त्या वळणावर रस्ता गाड्यांनी भरलेला, म्हणून थांबले. मांडव पहिल्याहून मोठा. आणि बाहेर पाण्याच्या टँकरजवळ काका. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, टोपी. गाडी कडेला घेऊन मी उतरले आणि म्हटलं, काका, चला, मी सोडते तुम्हाला. त्यांनी न बघताच हात वर करून मला थांबवलं.

"थांबा बाय. आता नावा घेतील."

मी थांबले. आत धवलारीण गायला लागली. आवाज कोवळा होता, म्हातारी ती नव्हेच. ती थकली होती की गेली होती, कोण जाणे. ही तरुण मुलगी होती, माईकवर, मोबाईलमध्ये बघून गात होती. घरच्यांनी नावं लिहून दिलेली असणार. देव झाले. पूर्वज झाले. मग वडीलधाऱ्यांची नावं सुरू झाली, माईकमुळे एकेक अक्षर स्पष्ट ऐकू येत होतं. काकांनी टोपी काढून छातीशी धरली.

नवऱ्याची आजी आली. चुलत आजे आले. आत्या, मामा, काका आले, बाप संतोष आला. मग गाणं संपलं आणि बँजोवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. संतोषने त्या दिवशी व्हिडिओ कानाशी धरून मागे नेऊन नेऊन काय ऐकलं होतं, ते मला आत्ता कळलं. तो बघत नव्हताच.

काका टोपी धरून उभेच होते. मला त्यांच्याकडे बघवेना. गाडीत बसा म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट सरळ केली आणि माझ्याकडे वळले. मलाच वाईट वाटू नये, अशा सुरात म्हणाले,

"नवीन हाय ती पोरगी. शिकंल हलूहलू."